वीस मायक्रोग्रॅमचा माणूस

सातारा-सांगलीकडे ‘प्रोटीन’ हा शब्द तोंडातून बाहेर पडला की समोरचा माणूस आधी तुमच्या दंडाकडे बघतो. त्याचाही इलाज नसतो. कराडला लागून गोळेश्वर आहे, खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली ते हेलसिंकीहून कुस्तीचं ब्राँझपदक घेऊन आले, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून या पट्ट्यात ताकदीचा हिशेब दूध, तूप, बदाम आणि जोर-बैठका यांतच होत आला आहे. हल्ली त्यात काळ्या डब्यातल्या पावडरीची भर पडली. त्यामुळे माझी भाची साताऱ्यात प्रोटीनवर पीएच.डी. करते असं मी सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याचे प्रश्न ठरलेले असतात. कुठल्या कंपनीचं? दुधातून घ्यायचं का पाण्यातून? आणि सांगलीतल्या आमच्या शेजारच्या जिमवाल्या पोराचा खास प्रश्न : ‘काका, त्यांना डिस्काउंट बसतो का?’

भाचीचं प्रोटीन डब्यात येत नाही. करंगळीएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत येतं, आणि तेही तळाला, डोळे बारीक केले तर दिसेल न दिसेल असा एक थेंब. त्या थेंबात प्रोटीन किती, तर वीस मायक्रोग्रॅम. पानात वाढलेल्या मिठातला एक कण याच्यापेक्षा जड भरेल. कुपीच्या लेबलावर ‘रिकॉम्बिनंट ह्युमन एसबीडीएस’ असं लिहिलेलं असतं आणि त्याखाली बजावलेलं असतं की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांवर वापरू नये. माणसाचं प्रोटीन, माणसाने पैसे मोजून मागवलेलं, आणि मनाईही माणसालाच.

भाचीचे वडील, म्हणजे माझे दाजी, माळकरी आहेत. त्यांनी चष्मा लावून ऑर्डरचा कागद वाचला आणि ‘ह्युमन’पाशी थांबले.

‘ह्युमन म्हंजे माणसाचं. कुणाचं काढलंय?’

‘कुणाचंच नाही, बाबा. जंतूंकडून करून घेतात.’

दाजींनी कागद उलटा करून पाहिला. ‘हिरवा ठिपका न्हाई. लाल बी न्हाई.’

‘दह्यातही जंतूच असतात की.’

दाजींनी थोडा विचार केला. दही ते एकादशीलासुद्धा खातात. ‘मग चालतंय,’ म्हणाले. यावर माझी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, ‘चालतंय काय? तुम्हाला कोण वाढतंय?’

त्या जंतूचं नाव ई-कोलाय. सांगलीकरांना तो ओळखीचा आहे. २०१९ च्या महापुरानंतर पाणी तपासणीच्या गप्पा घरोघरी चालल्या होत्या, त्यात हाच खलनायक होता. माणसाच्या आतड्यात तो कायमचा वस्तीला असतो. थिओडोर एश्चेरिख नावाच्या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शीमध्ये तो शोधला. प्रयोगशाळेतला त्याचा भाऊबंद निरुपद्रवी असतो. त्याच्या अंगात माणसाच्या एका जनुकाची नक्कल सरकवायची, यीस्टचा अर्क, प्रथिनांचा चुरा आणि मीठ घातलेल्या पाण्यात त्याला ३७ अंशांवर रात्रभर वाढवायचं. पुरेसा माजला की आयपीटीजी नावाचं रसायन चिमूटभर टाकायचं, की तो स्वतःची कामं बाजूला ठेवून आपलं प्रोटीन करायला लागतो. मग ध्वनिलहरींचा मारा करून त्याला फोडायचा आणि त्याच्या हजारो प्रोटिनांच्या काल्यातून आपलं तेवढं वेचून काढायचं. त्यासाठी आपल्या प्रोटीनला आधीच हिस्टिडिनच्या सहा मण्यांची शेपटी जोडलेली असते. ती शेपटी निकेलला चिकटते. बाकीचे वाहून जातात, हा लोंबकळत राहतो. याला ते ‘प्युरिफिकेशन’ म्हणतात, आणि भाचीच्या बोलण्यात हा शब्द इतक्या वेळा येतो की बहिणीला बरेच दिवस वाटत होतं, पोरगी कुठल्या तरी महाराजांच्या नादी लागली आहे.

यात नवीन काही राहिलेलं नाही. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर यांनी एका जीवाचं जनुक जंतूत घालून दाखवलं, १९७८ मध्ये ई-कोलायने माणसाचं इन्शुलिन केलं आणि १९८२ मध्ये ते औषधाच्या दुकानात आलं. दाजींच्या मातोश्री मिरजेच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं ‘ह्युमन इन्शुलिन’ रोज सकाळी पोटाला टोचून घेतात आणि मग तुळशीला पाणी घालतात. त्यांना कुणी ठिपका विचारलेला नाही.

आता हे एसबीडीएस करतं काय? इथे मला भाचीची कीव येते, कारण पाहुणे हा प्रश्न चहाच्या पहिल्या घोटाला विचारतात आणि शेवटच्या घोटापर्यंत उत्तर हवं असतं. आपल्या पेशीत रायबोसोम नावाची यंत्रं असतात. अंगातलं प्रत्येक प्रोटीन त्यांच्यावर तयार होतं. माणसाच्या एका रायबोसोममध्ये आरएनएचे चार धागे आणि सुमारे ऐंशी प्रोटिनं असतात, आणि ते सगळं जुळवायला आणखी दोनशेहून अधिक प्रोटिनं राबतात, जी यंत्र तयार झाल्यावर त्यात राहत नाहीत. म्हणजे काम करणाऱ्यांपेक्षा काम उभं करून देणारे जास्त. आमच्याकडच्या कुठल्याही सहकारी संस्थेत हे वाक्य वाचून दाखवावं, कुणालाही आश्चर्य वाटणार नाही.

रायबोसोमचे दोन भाग असतात, एक मोठा, एक लहान. मोठ्याला ६०-एस म्हणतात, लहानाला ४०-एस. दोन्ही एकत्र आले की होतं ८०-एस. हो, ऐंशीच. स्वेडबर्ग या शास्त्रज्ञाच्या नावाने असलेलं हे माप वजनाचं नसून भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजमध्ये वस्तू किती वेगाने तळाला जाते त्याचं आहे, आणि ते आकारावरही अवलंबून असतं, म्हणून साधी बेरीज होत नाही, असं भाचीने दाजींना खूप समजावलं. दाजींनी तिला मध्येच थांबवलं. ‘साठ आणि चाळीस ऐंशीच भरत्यात. मी तीस वर्षं कारखान्याला ऊस घालतोय.’

तर हे दोन भाग पेशीत वेगवेगळे तयार होतात आणि अर्धवट तयारीत एकमेकांना चिकटले तर घोटाळा होतो. म्हणून मोठ्या भागाच्या तोंडावर, जिथे लहान भाग येऊन बसायचा नेमक्या त्या जागी, ईआयएफ-६ नावाचं एक प्रोटीन अडसर होऊन बसलेलं असतं. मी हे पाहुण्यांना अंतरपाट म्हणून सांगतो. वधू-वर समोरासमोर उभे आहेत, हातात हार आहेत, पण मध्ये अंतरपाट आहे. तो ओढायचं काम एसबीडीएसचं, जोडीला ईएफएल-१ नावाचं दुसरं प्रोटीन. दोघांनी मिळून ओढायचा. ईएफएल-१ ला त्यासाठी जीटीपी नावाची दक्षिणा द्यावी लागते, त्याशिवाय हात हलत नाही. अंतरपाट निघाला की तो टाकून देत नाहीत, पुन्हा पुढच्या जोडीला वापरतात. आणि एसबीडीएसमध्ये बिघाड असला तर? मंगलाष्टकं संपली, अक्षता टाकून झाल्या, बँडवाल्याने तोंडाला पिपाणी लावली, आणि अंतरपाट तसाच. कार्यालयात पुढचं लग्न बाराला आहे. वाढणाऱ्या पेशीत अशी लग्नं मिनिटाला हजारोंनी लागत असतात, तेव्हा एक खोळंबलं की मागे किती तुंबत असतील याचा अंदाज लग्नसराईत, मे महिन्यात, सांगलीच्या विश्रामबागेतून गाडी काढलेल्या माणसाला येईल.

एक प्रोटीन तयार करून झालं की हे दोन्ही भाग वेगळे होतात आणि पुढच्या खेपेला भलत्याच जोडीदाराबरोबर उभे राहतात. हा तपशील मात्र मी दाजींसमोर सांगत नाही.

चेष्टा बाजूला ठेवून एक सांगायला हवं. ज्या मुलांना जन्मतःच एसबीडीएसचं जनुक बिघडलेलं मिळतं, त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी पडतात, स्वादुपिंड चालत नाही, खाल्लेलं तूप-तेल पचत नाही, उंची खुंटते. श्वाखमन-डायमंड सिंड्रोम हे त्याचं नाव. १९६४ मध्ये या आजाराचं वर्णन झालं आणि त्याचं जनुक २००३ मध्ये सापडलं, म्हणजे बिघाड कुठल्या जनुकात आहे हे कळायलाच जवळजवळ चाळीस वर्षं गेली. भाची असाच एक बिघडलेला एसबीडीएस स्वतः तयार करते आणि तो विकतच्या चांगल्याशी ताडून पाहते. त्यासाठी हा वीस मायक्रोग्रॅमचा खटाटोप.

खटाटोपातली पहिली पायरी कॉलेजचं ऑफिस. (कुठलं कॉलेज ते सांगत नाही, भाचीचा प्रबंध अजून सबमिट व्हायचा आहे.) तीन कोटेशनं, त्यांचा तुलनातक्ता, त्यावर सह्या. मग हेडक्लार्कचा प्रश्न, ही वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला चढवायची का कन्झ्युमेबलला? भाची म्हणाली, कन्झ्युमेबल. ‘पण लेबलावर तर कन्झ्यूम करू नये लिहिलंय,’ साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. खरा प्रसंग ऑडिटच्या वेळी आला. ऑडिटर म्हणाले, वीस हजारांची वस्तू प्रत्यक्ष दाखवा. भाचीने फ्रीझरमधून डबी काढली, डबीतून कुपी काढली, उजेडाकडे धरली. ऑडिटरांनी बघितलं, चष्मा काढून बघितलं, चष्मा लावून बघितलं. ‘ही तर मोकळी आहे.’ ‘सर, तळाला बघा.’ ‘तळाला काय?’ ‘सर, लवकर बघा, वितळेल.’ शेवटी त्यांनी शेरा मारला, ‘वस्तू असल्याचे संबंधितांनी सांगितले.’

याच सुमारास विट्याकडचे एक पाहुणे आले होते. खानापूर, आटपाडी आणि इकडे माण-खटाव या भागातली माणसं गलाईच्या धंद्याच्या निमित्ताने देशभर पसरली आहेत. कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ बाजारात सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारा माणूस सापडला की तो आपल्या बोलीत उत्तर देतो. हे पाहुणे त्यांतलेच. त्यांनी प्युरिफिकेशन हा शब्द ऐकला आणि खुर्ची पुढे ओढली.

‘टंच किती येतो?’

‘नव्वद टक्क्यांच्या वर,’ भाची म्हणाली.

पाहुणे दाजींकडे बघून हसले. पोरीला वाईट वाटू नये एवढंच हसले. ‘नव्वदला आमच्याकडं कोण दारात उभं करत न्हाई.’

‘आणि भाव?’

‘वीस मायक्रोग्रॅमला वीस हजार.’

पाहुण्यांनी मोबाईल काढला. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, हे दोनदा विचारून घेतलं. आकडे दाबले, पुसले, पुन्हा दाबले. ग्रॅमला शंभर कोटी. गाडगीळांनी १८३२ मध्ये सांगलीत सराफी पेढी घातली तेव्हापासून या जिल्ह्याने सोन्याचे सगळे भाव पाहिले आहेत, पण हा भाव ऐकून धंद्यातला माणूस गप्प झाला. मग हळूच त्याने धंद्यातला प्रश्न विचारला, ‘परत द्यायला गेलं तर घट किती धरत्यात?’

‘एकदा नीट न ठेवता वितळलं की सगळीच घट, काका.’

‘मग ह्यात राम न्हाई,’ पाहुणे म्हणाले आणि चहा प्यायले.

पाहुण्यांनी नेमकं दुखणं ओळखलं होतं. माणसाचं प्रोटीन तयार करायला एक जंतू पुरतो, ते गार ठेवायला मात्र अख्खा जिल्हा कामाला लागतो. माझं तर मत असं आहे की या सगळ्या प्रकारात विज्ञानाचा अवघड भाग मुंबईच्या विमानतळावर संपतो आणि त्याहून अवघड भाग खंबाटकी घाटात सुरू होतो. कुपी येते कोरड्या बर्फात. हा बर्फ पाण्याचा नसतो, गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो, उणे ७८ अंशांचा. वितळून पाणी होत नाही, सरळ वाफ होऊन उडून जातो, म्हणून थर्मोकोलच्या खोक्याच्या फटीतून पांढरा धूर निघत राहतो. एप्रिलच्या एका शनिवारी कुरिअरवाल्याचा फोन आला, ‘मॅडम, पोवई नाक्यावर उभा आहे, कॉलेज कुठंय?’ मॅडम नेमक्या सांगलीला, आमच्याकडे हळदी-कुंकवाला. शनिवारची अर्धी सुट्टी झालेली. कॉलेजात फक्त शिपाईमामा. मामांनी खोकं घेतलं, सही दिली, आणि धूर बघितला. मामा अनुभवी. त्यांनी अजिबात आरडाओरडा केला नाही. आग लागलीच तर इमारतीला झळ नको, म्हणून खोकं उचलून मैदानाच्या मधोमध नेऊन ठेवलं, रणरणत्या उन्हात, आणि शेजारी वाळूची बादली. मग स्वतः सावलीत बसून त्यावर लक्ष ठेवलं.

भाची संध्याकाळी एसटीने पोचली. रस्ताभर ती रडकुंडीला आली होती असं तिने नंतर सांगितलं. खोक्याच्या तळाला बोटभर बर्फ शिल्लक होता. कुपी वाचली होती. ‘मॅडम, धूर आता बंद झालाय बघा,’ मामा समाधानाने म्हणाले.

गार ठेवण्याच्या बाबतीत आपण मागासलेले आहोत असं समजू नका. तासगावच्या बेदाण्याला शीतगृहं आहेत, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गारव्यात प्रवास करते, दूध गावातच थंड होऊन टँकरमध्ये चढतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जतपासून माणपर्यंत वाड्या-वस्त्यांवर मोटारसायकलच्या मागे द्रव नायट्रोजनचा कॅन बांधून फिरणारे कृत्रिम रेतनवाले. कॅनच्या आत उणे १९६ अंश, बाहेर चाळीस, रस्ता असा की कॅनऐवजी माणूस फुटावा. तरी वळूचं वीर्य कांडीत सुखरूप पोचतं आणि गाय गाभण राहते. म्हणजे उणे १९६ ची सोय आपल्याकडे दारात येते, कुपीच्या फ्रीझरची उणे ८० ची मात्र वीज गेल्यावर जनरेटरच्या डिझेलला अडते. कॉलेजचा फ्रीझर एकदा असा रात्रीत बंद पडला, तेव्हा भाचीने हताश होऊन विचार मांडला की जनावरांच्या दवाखान्यातल्या कॅनमध्ये कुपी ठेवायला मिळाली तर? मुऱ्हा रेड्याच्या आणि एचएफ वळूच्या कांड्यांच्या शेजारी माणसाचं प्रोटीन. सगळ्यांनाच कल्पना पटली. फक्त दाजी म्हणाले, ‘लेबलं तेवढी नीट लावा.’

रायबोसोम ही काही परदेशी, प्रयोगशाळेतली भानगड आहे, असंही इथे कुणी म्हणू नये. आटपाडीच्या डाळिंबवाल्याला विचारा. फळावर तेल्या रोग पडला की तो कृषी सेवा केंद्रात जाऊन स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी मागत आला आहे. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन तेल्याच्या जंतूच्या रायबोसोमला चिकटून त्याला चुका करायला लावतं आणि टेट्रासायक्लिन कच्चा माल आत येऊ देत नाही. जंतूचा रायबोसोम आपल्यापेक्षा लहान, ७०-एसचा, घडणीने वेगळा, म्हणून हे जमतं. जंतूंमध्ये एसबीडीएस नसतंच. ते तुमच्या-माझ्यात आहे, यीस्टमध्ये आहे, वनस्पतींमध्ये आहे, म्हणजे दाजींच्या उसातही आहे. ज्या ई-कोलायला आपण हे प्रोटीन करायला बसवतो त्याच्या सात पिढ्यांत ते कुणी पाहिलेलं नसतं. तरी बिचारा स्वतःच्या रायबोसोमवर आपल्या रायबोसोमचा अंतरपाट ओढणारा घडवतो, आणि आपण त्याला फोडतो.

रायबोसोमच्या रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते व्यंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना. रामकृष्णन मूळचे तमिळनाडूचे, पण बी.एस्सी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून. हे ऐकल्यावर दाजींचा चेहरा उजळला. ‘बडोदा म्हंजे गायकवाडांचं. म्हंजे आपलंच की!’ तेव्हापासून पाहुण्यांनी ‘पोरगी काय करते’ विचारलं की दाजी ‘नोबेलच्याच लाइनमधी हाय’ म्हणून सांगतात. पाहुणे दंडाकडे बघायचं थांबले आहेत.

शेवटी मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांना एक विनंती. साताऱ्याला किंवा सांगलीला गार माल पाठवायचा असेल तर शुक्रवारी पाठवू नका. सोमवारी पाठवा, मंगळवारी मिळेल. खोक्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा, ‘धूर येतो तो बर्फाचा आहे, फ्रीझरमध्ये ठेवा.’ आणि निघण्याआधी एक फोन करून त्या आठवड्यात गावची यात्रा नाही ना, एवढं विचारून घ्या.